खाडीवरचे पक्षी आणि दोन लाखांची मर्यादा : कॅमेरा व लॅपटॉप निवडीचा ठाण्यातील एक प्रकरण अभ्यास

परिस्थिती

ठाण्याच्या वर्तकनगरात राहणाऱ्या आणि माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंनी २०२५ च्या पावसाळ्याअखेरीस प्रवास व पक्षिनिरीक्षण या छंदांसाठी डिजिटल कॅमेरा आणि लॅपटॉप एकदमच घ्यायचे ठरवले. दोन्हींचा मिळून खर्च दोन लाख रुपयांच्या वर जाऊ द्यायचा नाही, एवढी एकच ठाम अट त्यांनी घातली होती. त्यांच्याकडे तोवर खिशात मावणारा एक जुना कॅमेरा होता, ज्याचे भिंग बाहेर येताना अडकत असे, आणि प्रश्नपत्रिका टंकित करण्यासाठी घेतलेला एक लॅपटॉप होता, ज्यावर विंडोज ११ बसत नव्हते. विंडोज १० चा नियमित पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवला, त्यामुळे लॅपटॉप आज ना उद्या बदलावाच लागणार होता. कॅमेऱ्याचा विषय मात्र हौसेचा होता, आणि हौसेच्या खरेदीत घरातल्या प्रत्येकाला मत असते.

या घरात ते मत खारघरला राहणाऱ्या भाच्याचे होते. तो संगणक क्षेत्रात नोकरी करतो, सुटीच्या दिवशी सह्याद्रीतले किल्ले चढतो, आणि खरेदीत थोडी भर घालून कॅमेरा दोघांत वापरावा असा त्याचा प्रस्ताव होता. ‘मावशी, तू झूम बघू नकोस, सेन्सर बघ, आणि लॅपटॉप घेतेसच तर ग्राफिक्स कार्डवाला घे,’ असा त्याचा सल्ला होता (सेन्सर म्हणजे भिंगातून आलेल्या उजेडाचे चित्र करणारी कॅमेऱ्यातली चिप). बाईंच्या स्वतःच्या कागदावर याच्या बरोबर उलट लिहिलेले होते : झूम जास्तीत जास्त, वजन कमीत कमी, लॅपटॉप साधा चालेल. मी त्यांच्याच पक्षिनिरीक्षक गटातला, शिवाय व्यवसायाने संगणकाशी संबंधित, म्हणून हा तिढा माझ्यापुढे आला. पुढे जे घडले त्यात दोघांचीही मते अर्धी टिकली आणि अर्धी पडली. ती नेमकी कुठे पडली हे सांगण्याजोगे वाटल्याने हे टिपण लिहिले आहे.

कोणत्या ठिकाणासाठी, कोणत्या उजेडासाठी

दुकानात जाण्याआधी बाईंना एकच काम सांगितले. आपण वर्षभरात जिथे जिथे जातो, तिथे काय टिपायचे असते, ते किती अंतरावर असते, उजेड कसा असतो, किती चालावे लागते आणि तो फोटो शेवटी कुठे जातो, हे त्यांनी सलग लिहून काढायचे होते. शिक्षिकेची सवय असल्याने त्यांनी हे काम कोणत्याही ग्राहकापेक्षा नेटकेपणाने केले, आणि पुढचे बहुतेक निर्णय त्या दोन पानांतूनच निघाले.

पहिले ठिकाण अर्थातच ठाण्याची खाडी. खाडीचा एक भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत इथे लहान आणि मोठे अशा दोन्ही जातींचे रोहित पक्षी येतात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून नावेने गेले तर भरती-ओहोटीचे गणित पाळावे लागते. पाणी उतरू लागले की पक्षी उघड्या पडलेल्या चिखलावर चरायला येतात, पण तो चिखल नावेपासून बराच दूर असू शकतो, आणि पाणी चढले की थवे उठून खारफुटीकडे सरकतात. उजेड भरपूर, चालणे जवळजवळ नाही, पण अंतर मोठे आणि नाव हलती. नेरूळकडच्या पाणथळ जागी पक्षी किनाऱ्यावरूनच दिसतात, त्यामुळे तिथे पाय स्थिर असतात आणि एकपायी स्टँडही लावता येतो.

येऊरचे चित्र याच्या अगदी विरुद्ध आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या या बाजूला पक्षी कधीकधी वीस-पंचवीस फुटांवर असतो, पण दाट सावलीत, फांद्यांच्या आड आणि क्षणभरच. हिवाळ्यात स्वर्गीय नर्तक आणि पावसाच्या तोंडावर नवरंग यांच्यासाठी बाई तिथे जातात. ओवळ्याच्या फुलपाखरू उद्यानात अंतर आणखी कमी होते. राज्य फुलपाखरू असलेला नीलवंत हाताच्या अंतरावर येऊन बसतो आणि लांब पल्ल्याचे भिंग इतक्या जवळचे पाहूच शकत नसेल तर फोटोच निघत नाही. याखेरीज येत्या मार्चमध्ये उत्तराखंडातील सातताल आणि पंगोट इथे आठवडाभराचा दौरा ठरलेला होता, दिल्लीपर्यंत विमानाने आणि तिथून काठगोदामपर्यंत रेल्वेने.

फोटो कुठे जातात या प्रश्नाचे उत्तर सर्वांत उपयोगी ठरले. बाई आपल्या नोंदी ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाकतात आणि ओळख वादाची असेल तर सोबत फोटो जोडतात. गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर काही फोटो जातात. जुन्या शाळेत वर्षातून एकदा ए-४ आकाराच्या छापील फोटोंचे प्रदर्शन लागते आणि प्रोजेक्टरवर मुलांसमोर व्याख्यान होते. ए-४ कागदावर दर इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायचे तर सुमारे ८.७ मेगापिक्सेल पुरतात. म्हणजे कडेचा भाग बऱ्यापैकी कापून टाकला तरी २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात हे काम सहज भागते. दुकानातल्या फलकांवर सर्वांत मोठ्या अक्षरात छापलेला आकडा अशा रीतीने पहिल्याच बैठकीत विचारातून बाद झाला.

भाच्याच्या भागीदारीचा प्रश्नही याच पानांनी सोडवला. खाडीवर गर्दी हिवाळ्यात, किल्ल्यांवरची स्वच्छ हवाही हिवाळ्यात. रविवार दोघांचाही एकच. उरतो तो पावसाळा. त्या दिवसांत बाईंना कॅमेरा फारसा लागत नाही हे खरे, पण दोन लाखांच्या मर्यादेत बसणारा कोणताही जोड पूर्ण जलरोधक नव्हता, आणि धुवांधार पावसात किल्ला चढताना तो पाठीवर असावा असे बाईंना मुळीच वाटत नव्हते. डोंगरावरून दिसणारे विस्तीर्ण दृश्य टिपायला त्याचा पाणी सोसणारा फोन पुरेसा आहे हे त्याला मान्य झाले आणि त्याने भागीदारी मागे घेतली. एक गोष्ट दोघांनी वापरायची म्हटली की ती दोघांच्याही गरजांच्या मधोमध कुठेतरी निवडली जाते आणि कोणाच्याच कामाची राहत नाही, असे माझे मत आहे; ते त्या वेळी मी बोलून दाखवले नाही, कारण तशी गरज पडली नाही.

कॅमेरा : दोन पर्याय आणि एक अनपेक्षित गणित

चाळणीनंतर दोन पर्याय उरले. पहिला, बाईंच्या मनातला, निकॉनचा कूलपिक्स पी९५०. याचे भिंग बदलता येत नाही, झूम ८३ पट, म्हणजे पूर्ण चौकटीच्या (३६ बाय २४ मिमी सेन्सरच्या) हिशेबात २४ ते २००० मिमी, आणि वजन सुमारे एक किलो. दुसरा, कॅननच्या ईओएस आर१० या बॉडीवर, म्हणजे भिंगाशिवायच्या कॅमेऱ्यावर, आरएफ १००-४०० मिमी एफ ५.६-८ हे भिंग. आर१० चा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे पूर्ण चौकटीपेक्षा लहान, आकाराचा असल्याने ४०० मिमीचा पल्ला १.६ ने गुणून ६४० मिमीइतका भरतो. बॉडीचे वजन बॅटरी व कार्डासह सुमारे ४३० ग्रॅम आणि भिंगाचे ६३५ ग्रॅम, म्हणजे हा जोडही एक किलोच्या थोडा वरच जातो. भिंग बदलण्याचा कॅमेरा जडच असणार ही बाईंची समजूत तराजूवर टिकली नाही, आणि वजनाचा मुद्दा दोन्ही बाजूंनी फिटला.

इतर कंपन्यांचाही विचार झाला, पण तो भिंगांवरून. निकॉनची झेड५०-२ ही बॉडी उत्तम आहे. मात्र तिच्यासाठी निकॉनचे १८०-६०० मिमीचे भिंग घ्यायचे तर ते एकटेच दोन किलोच्या आसपास जाते, आणि बाई ते नावेत धरून बसणार नाहीत. सोनीचे ७०-३५० मिमीचे भिंग ६२५ ग्रॅमचे आणि फार गुणी, पण बॉडीसह हिशेब लॅपटॉपच्या पैशांत शिरत होता. पक्ष्यांसाठी कॅमेरा घेताना बॉडी आधी ठरवून भिंग मागाहून शोधणे हा क्रमच उलटा आहे. आपल्याला पेलेल आणि परवडेल असे लांब भिंग कोणाकडे आहे हे आधी पाहावे, बॉडी त्या मागोमाग येते.

आता सेन्सरचा वाद. भाच्याचे म्हणणे असे की पी९५० चा सेन्सर अवघा ६.१७ बाय ४.५५ मिमीचा, आर१० चा सुमारे २२.३ बाय १४.९ मिमीचा, क्षेत्रफळात जवळजवळ बारा पटींचा फरक, तेव्हा तुलनाच नको. आकडे बरोबर होते, निष्कर्ष घाईचा होता. दूरच्या पक्ष्याकडून येणारा उजेड किती गोळा होतो हे सेन्सर ठरवत नाही, भिंगाचे खरे तोंड ठरवते, आणि त्या तोंडाचा व्यास म्हणजे खऱ्या नाभीय अंतराला एफ-अंकाने भागून येणारी संख्या. आर१० वरचे भिंग ४०० मिमीला एफ ८ असते, म्हणजे तोंड ५० मिमीचे. पी९५० चे भिंग पूर्ण ताणले की त्याचे खरे नाभीय अंतर ३५७ मिमी आणि एफ ६.५, म्हणजे तोंड ५५ मिमीचे. दूरच्या चिखलावर स्थिर उभ्या असलेल्या रोहिताकडून दोन्ही कॅमेऱ्यांत जवळजवळ सारखाच उजेड येतो, आणि बारकावे वेगळे करण्याची क्षमताही बरीचशी त्या व्यासावर अवलंबून असल्याने तिथेही फार फरक पडत नाही. या एका बाबतीत बाईंची ‘जास्त झूम’ची मागणी अडाणीपणाची नव्हती.

जवळच्या पक्ष्यासाठी मात्र चित्र पालटते. येऊरमध्ये पूर्ण चौकटीच्या हिशेबाने ४०० मिमी पल्ला पुरेसा असतो. तेवढ्यासाठी पी९५० चे खरे नाभीय अंतर फक्त ७१ मिमी असते. उदारपणे एफ ४ धरला तरी तोंड १८ मिमीचे राहते. आर१० ला तोच पल्ला २५० मिमीला मिळतो आणि तिथे तोंड ३५ मिमीपेक्षा मोठे असते. व्यास दुप्पट म्हणजे उजेड चौपट. दाट सावलीत हा फरक सेकंदाच्या शंभराव्या आणि चारशेव्या भागातला आहे; पहिल्यात फांदी बदलणाऱ्या पक्ष्याचा फराटा येतो, दुसऱ्यात पक्षी येतो. दूरच्यासाठी बरोबरी आणि जवळच्यासाठी चौपट फरक, हे समजल्यावर वाद ‘झूम की सेन्सर’ असा न राहता ‘खाडी की जंगल’ असा झाला, आणि त्याचे उत्तर बाईंच्या पानांवर होते : खाडीचे आकर्षण मोठे, पण जाणे दोन्हीकडे सारखेच.

कागदावरचे गणित पुरेसे मानले नाही. मुंबई-ठाण्यात कॅमेरे आणि भिंगे दिवसाच्या भाड्याने मिळतात. दोन्ही जोड एका शनिवार-रविवारसाठी आणले, एक सकाळ खाडीकाठी आणि एक येऊरला काढली. खाडीवर उभ्या पक्ष्यांच्या बाबतीत पी९५० ने चौकट भरून फोटो दिले आणि बाई खूश झाल्या. ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरू लागली तेव्हा २००० मिमीचा पल्ला निरुपयोगी ठरला, कारण त्या अंतरावर भिंग पक्ष्याइतकीच हवाही मोठी करून दाखवते. मग थवा उठला. आर१० पक्ष्याचा डोळा स्वतः शोधून धरतो आणि यांत्रिक शटरने सेकंदाला १५ फोटो काढतो. पी९५० वर बाईंना उडता पक्षी पडद्यात पकडणेच जमेना, आणि पकडला तोवर थवा ऐरोली पुलाच्या दिशेने निघून गेला होता. येऊरचा निकाल गणिताप्रमाणेच लागला. ओवळ्याला जाणे त्या सुटीत झाले नाही, पण आरएफ १००-४०० साधारण एक मीटरवरचे स्पष्ट पाहू शकते आणि आपल्या सर्वांत लांब टोकाला वस्तू ०.४१ पट आकाराने टिपते, त्यामुळे फुलपाखरांसाठी वेगळ्या भिंगाची गरज उरत नाही हे आधीच ठाऊक होते.

आर१० च्या बाजूने निर्णय झाला, परंतु त्याच्या उणिवाही नोंदवल्या पाहिजेत. ना बॉडीला ना या भिंगाला पाण्या-धुळीपासून पुरेसे संरक्षण आहे. बॉडीत सेन्सर-स्थिरीकरण नाही, ते फक्त भिंगात आहे. या भिंगापुरते ते पुरते. कार्डासाठी खाच एकच आहे, म्हणजे फोटो काढतानाच दुसरी प्रत होत नाही. बॅटरी लहान, साडेसात वॅट-तासांची, त्यामुळे दोन जादा बॅटऱ्या खर्चात धराव्या लागल्या. कॅननचाच वरचा आर७ घेतला असता तर यातल्या बहुतेक तक्रारी मिटल्या असत्या, पण मग लॅपटॉपच्या वाट्याला काही उरले नसते.

लॅपटॉप : फाइलींच्या मागून

कॅमेरा ठरेपर्यंत लॅपटॉपबद्दल बोलायचेच नाही, असे मी ठरवून टाकले होते. कॅमेऱ्याच्या फाइली कशा आणि किती, हे कळल्याखेरीज लॅपटॉपची चर्चा म्हणजे नुसत्या प्रोसेसरच्या नावांची देवाणघेवाण होते. आर१० ची पूर्ण रॉ फाइल, म्हणजे सेन्सरवरची प्रक्रिया न केलेली कच्ची नोंद, पंचवीस ते तीस मेगाबाइटच्या घरात जाते, दाबलेली रॉ त्याच्या जवळपास निम्मी. थवे उठताना शटर पुन्हा पुन्हा दाबून दीडशे फोटो काढले, तर पूर्ण रॉमध्ये ते चार गिगाबाइट होतात. एका सकाळीत वीस गिगाबाइट होणे अजिबात विशेष नाही. दाबलेल्या रॉमध्ये फोटो काढायचे आणि घरी आल्यावर निर्दयपणे गाळायचे, ही शिस्त प्रोसेसरच्या एका पिढीइतका फायदा फुकट देते. बाईंनी ती पहिल्याच दिवसापासून पाळली.

या फाइली हाताळायला १६ गिगाबाइट मेमरी ही किमान गरज मानली, आणि ती घेतानाच घ्यायची, कारण आजच्या पातळ लॅपटॉपांत मेमरी बहुधा बोर्डावरच डाख देऊन बसवलेली असते आणि नंतर वाढत नाही. साठवणूक ५१२ गिगाबाइट पुरे धरली, कारण फोटोंचे कायमचे घर लॅपटॉपमध्ये नसून बाहेरच्या डिस्कवर असणार होते. भाच्याच्या ग्राफिक्स कार्डाच्या आग्रहात तथ्य होते : फोटोतला दाणेदारपणा काढणारी नवी, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने ग्राफिक्स कार्डावर कितीतरी लवकर चालतात. पण तसा गेमिंग लॅपटॉप सव्वादोन किलोच्या पुढे जातो, त्याचा चार्जरच अर्ध्या किलोचा, आणि पंख्याचा आवाज साततालच्या रात्री सगळ्या लॉजने ऐकला असता. बाई अशी प्रक्रिया निवडक दहा-वीस फोटोंवरच करतात. ते काम जेवणाच्या वेळी लावून ठेवले तर कार्डाशिवायही होते.

खरा पैसा जिथे घालायचा ती जागा पडदा होती, आणि दुकानदार ज्याबद्दल सर्वांत कमी बोलतो तीही तीच. स्वस्त लॅपटॉपांच्या तपशिलात पडद्यापुढे ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ तो पडदा सर्वसाधारण वापरातल्या एसआरजीबी रंगपट्ट्याचा साठ-पासष्ट टक्केच भाग दाखवू शकतो. तपासणीसाठी भाड्याच्या कॅमेऱ्यातला रोहितांचा एकच फोटो पेनड्राइव्हवर घालून दुकानात नेला. स्वस्त पडद्यावर पंखांचा गुलाबी रंग मातकट दिसला आणि लहान रोहिताच्या चोचीचा गडद लाल रंग जवळजवळ काळा झाला. दोन जाती वेगळ्या ओळखताना हा लाल रंग महत्त्वाचा असतो, त्यामुळे हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नव्हता. अशा पडद्यावर बसून रंग ‘सुधारला’ की तोच फोटो इतरांच्या फोनवर भडक, लग्नाच्या मांडवासारखा दिसतो. म्हणून एसआरजीबी जवळजवळ शंभर टक्के आणि उजळपणा ३०० निट्सच्या वर, या दोन अटी लेखी केल्या.

मॅकबुक एअरचा मोह स्वाभाविक होता. एम४ चिपचा १३ इंची एअर १.२४ किलोचा आहे, त्याला पंखाच नाही, पडदा उत्कृष्ट आहे आणि बॅटरी दिवसभर चालते. पण मूळ प्रतीत साठवणूक २५६ गिगाबाइट, कार्डाची खाच नाही, आणि किंमत अशी की भिंगाच्या पैशांत हात घालावा लागला असता. मर्यादा अडीच लाखांची असती तर मी दुसरा विचारच केला नसता. लॅमिंग्टन रोडवर मिळणारे, कार्यालयांतून निघालेले जुने लॅपटॉप हाही एक पर्याय तपासला. यंत्रे मजबूत होती, पण पाहिलेल्या जवळजवळ सर्व प्रतींचे पडदे तेच ४५ टक्क्यांचे होते आणि बॅटऱ्या थकलेल्या. शेवटी १४ इंची, सुमारे १.४ किलोचा, ओलेड पडद्याचा विंडोज लॅपटॉप घेतला. मॉडेलचे नाव मुद्दाम देत नाही, कारण लॅपटॉपची मॉडेले दर काही महिन्यांनी बदलतात. अटी मात्र टिकतात.

त्या अटींत एक अट प्रवासाने घातली होती : लॅपटॉप टाइप-सी जोडणीवरून चार्ज झाला पाहिजे. आर१० ची बॅटरीही त्याच प्रकारच्या पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जरवर कॅमेऱ्यातच चार्ज होते. साधा जुना चार्जर लावला तर ती ढिम्म राहते, आणि बिघाड समजून लोक उगाच सेवा केंद्रात जातात. एकाच ६५ वॅटच्या चार्जरवर लॅपटॉप, कॅमेरा आणि फोन अशी सोय झाल्यामुळे पिशवीतली तीन वजने कमी झाली. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॅट-तासांची होते, म्हणजे विमानात विशेष परवानगीशिवाय नेता येणाऱ्या १०० वॅट-तासांच्या आत बसते. ती आणि जादा बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात, चेक-इनच्या बॅगेत नव्हे. तेवढ्या ऊर्जेत लॅपटॉप जेमतेम एकदा भरतो, कॅमेरा मात्र सहा-सात वेळा. म्हणून पॉवर बँक कॅमेऱ्यासाठी राखून ठेवायची असे ठरले.

खरेदी आणि त्यानंतर

कॅमेरा फोर्टातल्या जुन्या बाजारपेठेतून घेतला. तिथे त्याच बॉडीचा बराच कमी भावही सांगितला गेला, पण ती प्रत बाहेरून आणलेली, भारतातील वॉरंटीशिवायची होती. बाईंनी पक्के जीएसटी बिल, त्यावर बॉडी आणि भिंग या दोन्हींचे क्रमांक, आणि कंपनीची भारतातली वॉरंटी यांवर अडून राहून अधिकृत प्रत घेतली. मोजणी केली तेव्हा एकूण खर्चाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग कॅमेरा व भिंगावर गेला होता आणि उरलेल्यात लॅपटॉप कसाबसा बसला. बॅटऱ्या, टाइप-सी कार्ड रीडर, एक टेराबाइटची बाहेरची एसएसडी आणि एक साधी हार्ड डिस्क यांनी मर्यादा थोडी ओलांडली. ती भर भाच्याने दिवाळीची भेट म्हणून दिली.

ठाण्याच्या हवेत सांभाळण्याचा खर्च वेगळा धरावा लागतो. पावसाळ्यात कपाटातल्या चामडी वेष्टनात ठेवलेल्या भिंगावर बुरशी चढते आणि ती आतल्या काचेवर बसली की भिंग उघडल्याखेरीज निघत नाही. महागडे कोरडे कपाट घेण्याऐवजी स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा मोठा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक अशी व्यवस्था केली, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राखायची. जेलचा रंग बदलला की ते वाळवून पुन्हा वापरता येते. खाडीवरून परतल्यावर खारट हवेचा थर जावा म्हणून बॉडी किंचित ओलसर आणि मग कोरड्या मऊ फडक्याने पुसणे हेही नेमाचे झाले. वातानुकूलित गाडीतून उतरताच कॅमेरा बाहेर काढला तर भिंगावर बाष्प धरते, म्हणून तो काही मिनिटे बंद पिशवीतच राहू द्यावा लागतो. हे बाईंना सांगावे लागले नाही, दवबिंदूचा धडा त्यांनी आयुष्यभर शिकवला होता.

मार्चच्या दौऱ्यात लॅपटॉप सोबत गेला, पण मुक्कामाबाहेर कधीच निघाला नाही. पंगोट सुमारे दोन हजार मीटर उंचीवर आहे. पहाटेच्या थंडीत बॅटरी लवकर उतरत असल्याने जादा बॅटऱ्या अंगावरच्या खिशात ठेवल्या गेल्या आणि त्यांची गरजही पडली. रोज संध्याकाळी कार्डावरचे फोटो लॅपटॉपवर आणि बाहेरच्या एसएसडीवर, अशा दोन प्रती झाल्याखेरीज कार्ड पुसायचे नाही, हा नियम एकाच खाचेची उणीव भरून काढण्यासाठी होता. तिसरी प्रत ठाण्याला परतल्यावर हार्ड डिस्कवर होते आणि ती डिस्क खारघरला भाच्याकडे राहते. फोटो गाळणे आणि रंग लावणे बाई डार्कटेबल या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत करतात. ती शिकायला लाइटरूमपेक्षा अवघड आहे, पण तिला दरमहा वर्गणी नाही, आणि निवृत्तिवेतनातून दरमहा जाणारी रक्कम बाईंना एकरकमी खर्चापेक्षा जास्त खुपते.

पी९५० च्या झूमची आठवण त्यांना अजून येते, विशेषतः ओहोटीच्या वेळी, जेव्हा शेकाट्यांचा थवा चौकटीत मूठभर ठिपक्यांएवढा दिसतो. तेव्हा त्या फोटो कापून ईबर्डवर टाकतात, आणि ओळखीपुरते ते चालते. नावेची वेळ ओहोटी सुरू होण्याच्या आधीची घेतली तर पक्षी जवळ मिळतात असा त्यांचा अनुभव आहे, त्यामुळे आता भरतीचे वेळापत्रक पाहूनच त्या ऐरोलीचे आरक्षण करतात. वेळासच्या कासवांसाठी पुढच्या वर्षी जायचा विचार आहे. तिथे फ्लॅश चालत नाही आणि पिल्ले पहाटे किंवा सांजवेळी समुद्राकडे सोडली जातात, म्हणून एफ १.८ चे एखादे लहान, हलके भिंग घ्यावे का, यावर सध्या मावशी-भाच्यात चर्चा चालू आहे. भाच्याने या वेळी भाड्याने आणून पाहा असे स्वतःहून सुचवले आहे.